कुत्रं घरात येणार नाही

हे वाक्य ज्या माणसानं सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलेलं असतं, त्याच्याच फ्रीजरमध्ये पुढे कुत्र्यासाठी लाल भोपळ्याच्या वड्या गोठत असतात. नागपुरात अशी माणसं मी बरीच पाहिली, आणि सगळी एकाच मुशीतली. सरकारी नोकरीतून निवृत्त, शक्यतो हिशेबाच्या बाजूनं. बोलणं तुटक. मुलं पुण्याला, नाहीतर बंगळुरूला. मुलानं तिथे हौसेनं लॅब्रॅडॉर घेतलेला असतो. मग कंपनी मुलाला परदेशी धाडते आणि कुत्रं 'थोडे दिवस' नागपूरला येतं. ते थोडे दिवस काही संपत नाहीत. मुलगा परततो, कुत्रं न्यायला येतो, आणि बाप पेपरातून डोकं न काढता म्हणतो, "त्याला तिकडचं पाणी मानवत नाही."

आमच्या गल्लीतले काका हा या जातीचा अस्सल नमुना. उभा जन्म पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत गेलेला. ब्रुनो आला तेव्हा त्याला फक्त अंगणाची परवानगी होती. पावसाळ्यात त्याचा व्हरांडा झाला, थंडीत बैठक, आणि पहिल्या उन्हाळ्यात कूलरसमोरची ती जागा, जिथे तोवर खुद्द काकूंनाही बसू दिलं जात नसे.

उन्हाळ्यानंच सगळा घोळ केला. इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, नवतप्यात तर दुपारचं रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माणसाला निदान घाम येतो. कुत्र्याला येतो तो पंजांच्या तळव्यांना, आणि त्याचा उपयोग नाममात्र. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती जीभ लोंबवून, धापा टाकत. ब्रुनोची ती धाप ऐकून काकांनी थर्मामीटर काढलं. ते नेमकं कुठे लावायचं यावरून दोघांत जी झटापट झाली तिची हकिगत काकूंनी मला सांगता सांगता अर्ध्यावर सोडली. आकडा आला १०२. काका तसेच कुत्र्याला घेऊन सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ असतंच, हा ठणठणीत आहे, तुम्ही मात्र जरा पाणी प्या. आणि जाता जाता म्हणाले, थंड काही द्यावंसं वाटलं तर बाजारचं आइस्क्रीम देऊ नका, घरीच फळांचं काही गोठवून द्या.

झालं. ज्या माणसाला लग्नाच्या इतक्या वर्षांत साखरेचा डबा कोणता हे कळलं नव्हतं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभा.

"अहो, काय करून राहिले?"

"काम."

काम म्हणजे टरबूज. साल आणि तिच्या आतला पांढरा भाग बाजूला, उरलेल्या गरातली एक-एक बी चिमट्यानं उपसायची, डोळ्यावर भिंग लावून. मग मिक्सर, मग बर्फाचा ट्रे. दुसरा प्रकार, पिकलेलं केळं घरच्या दह्यात कुस्करून. दूध नाही, दहीच. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, आणि विरजणात ती बरीचशी मोडलेली असते. काकांनाही दूध सोसत नाही, ते वर्षानुवर्षं ताकावर आहेत. बहुधा या एका मुद्द्यावर दोघांची पहिली मैत्री जमली असावी. तिसरा प्रकार लाल भोपळ्याचा. वाफवायचा, घोटायचा, थापून गोठवायचा. मीठ नाही, गूळ नाही, फोडणी नाही. विदर्भातल्या स्वयंपाकघरात फोडणीशिवाय भाजी शिजणं ही काकूंच्या दृष्टीनं अशुभ गोष्ट. त्या तेवढा वेळ माजघरात जाऊन बसतात.

वडी जाड झालेली काकांना चालत नाही. दगडासारखा घट्ट बर्फ कडाकडा फोडताना कुत्र्याचा दात तुटू शकतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. म्हणून पातळ थर लावायचा, काढल्यावर पाच मिनिटं बाहेर ठेवायचा, नखानं दाबून पाहायचा. नंतर एक तुकडा स्वतः तोंडात टाकायचा. कवळीला सोसलं तर ब्रुनोला सोसेल हे त्यांचं प्रमाण. चवीबद्दल विचारलं तर म्हणतात, "मिळमिळीत आहे. तसंच पाहिजे."

मुलानं बंगळुरूहून एक पोकळ रबरी खेळणं पाठवलं, काँग नावाचं. त्यात दहीकेळं भरून गोठवलं की कुत्रं तासभर चाटत बसतं. त्याचा जन्मही मजेदार आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवायचा. मालक गाडी दुरुस्त करत असताना त्यानं फोक्सवॅगनचा एक रबरी भाग पळवला आणि तोच चघळत बसला. त्यावरून खेळणं निघालं, त्यावर धंदा उभा राहिला. हे ऐकून काकांचा हिशेबी आत्मा खवळला. गाडीचा सुटा भाग द्यायचा आणि वर एवढे पैसे घ्यायचे? दुपारभर ते मागच्या खोलीत आपल्या जुन्या चेतकचे रबरी भाग हुडकत होते. काकूंनी दार लावून घेतलं म्हणून निभावलं.

पण काकांची खरी प्रतिभा पाहायची तर कालनिर्णयपाशी पाहावी. दुधाचा हिशेब ज्या चौकोनात लिहितात त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात 'ब्रु. टर. २', 'ब्रु. भो. १' अशा नोंदी असतात. खाऊ कितीही निर्मळ असला तरी दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये, हे पशुवैद्य सांगतात. आपण ऐकतो आणि विसरतो. काकांनी त्याचं लेखाशीर्ष उघडलं. शेजारच्या पोरीनं लाडानं बिस्किट दिलं की संध्याकाळची वडी कापली जाते. ब्रुनो फ्रीजसमोर बसून राहतो, काका त्याला कॅलेंडर दाखवतात. "तरतूद संपली बे." हे वाक्य त्यांनी आयुष्यभर कंत्राटदारांना ऐकवलंय, पण तेव्हा आवाजात एवढी कळकळ नसायची. आणि तासाभरानं, घरात कोणी बघत नाही असं पाहून, पुनर्विनियोजन होतं.

फ्रीजच्या दारावर बंदीची यादी आहे, स्वच्छ सरकारी अक्षरात. चॉकलेट. कांदा. लसूण. द्राक्षं. मनुका, बेदाणे. झायलिटॉल, म्हणजे बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये असतो तो गोडवा, त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली येते. यादीत मागाहून चिंचही आली. द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला कशामुळे बाधतात याचा शोध घेताना अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर गेला, आणि ते चिंचेतही भरपूर.

या यादीपायी सत्यनारायणाच्या दिवशी जे झालं ते गल्लीत अजून सांगतात. काकूंच्या आत्याबाईंनी द्रोणातला शिरा मायेनं ब्रुनोपुढे धरला. शिऱ्यात बेदाणे. सोवळं नेसलेले काका पाटावरून उठून धावले. "प्रसाद नाही द्यायचा त्याला!"

आत्याबाई थिजल्या. "अरे, कथेत काय ऐकलंस आत्ता? प्रसाद नाकारला म्हणून काय काय झालं?"

"देवाला माहीत आहे त्याच्या मूत्रपिंडाचं," काका म्हणाले, आणि द्रोण काढून घेतला. गुरुजींनी तोड काढली. केळ्याचा तुकडा, तोही तीर्थाविना. तीर्थात दूध होतं.

हा सगळा कारभार मुलगा व्हिडिओ कॉलवर पाहतो तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. या घरात मे महिन्याच्या सुटीत बर्फाचा गोळा बंद होता, कारण तो बर्फ कुठल्या पाण्याचा असतो हे काकांना पक्कं ठाऊक होतं. पेप्सीची नळी बंद होती, कारण तिच्यात रंग. कुल्फीवाल्याची घंटा वाजली की खिडकी लावून घेतली जायची. पोरांनी प्यायचं ते माठातलं पाणी, तेही उन्हातून आल्यावर लगेच नाही.

"बाबा, आम्हाला कधी केलं नाही हो तुम्ही असं काही?"

"तुला टॉन्सिलचा त्रास होता."

"आणि त्याला?"

"त्याचे टॉन्सिल डॉक्टरांनी पाहिलेत."

पुढे बराच वेळ कोणी बोलत नाही. मला विचाराल तर मुलाचं दुखणं अगदी रास्त आहे, आणि काकांजवळ त्यावर उत्तर नाही हेही तितकंच खरं. त्या काळी त्यांना शिस्त लावायची होती, आता खाऊ द्यायचाय. मधल्या काळात काय झालं हे त्यांनी कुठल्याच वहीत मांडलेलं नाही.

एवढं करूनही काका स्वतःला श्वानप्रेमी समजत नाहीत. श्वानप्रेमी म्हणजे सकाळी फिरायला येणारे ते दुसरे, कुत्र्याला 'बेबी' म्हणणारे. एकानं हस्की पाळलाय, त्याच्याशी तर ते बोलतही नाहीत. "सैबेरियाचा प्राणी, त्याला नागपूरची बदली दिली! असा कोणता गुन्हा केला होता त्यानं?" आणि डांबरी रस्त्याला हाताची मागली बाजू टेकवून, चटका बसत नाही याची खात्री करून, ब्रुनोला घेऊन पुढे निघतात.

गेल्या उन्हाळ्यात जावई आले. रात्री पाणी घ्यायला उठले, फ्रीजर उघडला, श्रीखंडाच्या डब्यात केशरी वड्या दिसल्या. आंब्याच्या समजून त्यांनी दोन खाल्ल्या, आणि सासुरवाडीचा मान राखून सकाळी चांगल्या झाल्या होत्या असंही म्हणाले. काका काही बोलले नाहीत. उठून कालनिर्णयपाशी गेले आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, 'जावई भो. २'.

तेव्हा उन्हाळ्यात अशा घरी मुक्काम पडला, तर फ्रीजरमधला श्रीखंडाचा डबा परस्पर उघडू नका. त्यात श्रीखंड नसतं, आणि जे असतं ते मोजलेलं असतं.