तोळेवाल्या काकू आणि सेंटवाली

(भाईंदरहून सुटणारी चर्चगेट लोकल, बायकांचा डबा. खिडकीत आयुष्यभर तोळ्यात विचार केलेल्या काकू. शेजारी नोकरदार मुलगी. विषय : मुलीच्या बोटातली नवी अंगठी.)

काकू : एवढीशी ठिणगी आणि पंचवीस हजार? आमच्या वेळी एवढ्यात पाटल्या व्हायच्या, पाटल्या!

मुलगी : आमच्या वेळी म्हणालात तिथेच गाडी अडते, काकू. 2025 मध्ये सोन्यानं तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. आता पाटल्यांचं नाव काढलं तर घरातले कपाटाची किल्ली लपवतात. ही अंगठी दोन ग्रॅमची, 14 कॅरेटची. म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, बाकी मिश्रधातू. शुद्ध सोनं सव्वा ग्रॅमही नाही. मधला हिरा दहा सेंटचा, म्हणजे वीस मिलिग्रॅम. लोक म्हणतात, हल्लीच्या पोरींना हिऱ्यांचं खूळ लागलंय. मला उलटं दिसतं. सोनं परवडेनासं झालं म्हणून हिरा रोजच्या बोटात आला. चिमूटभर सोन्यात दागिना उठून दिसायचा तर मधे काहीतरी लखलखायलाच हवं. शिवाय तुमचं बावीस कॅरेट मऊ. रोज या दांडीला लोंबकळायचं, तर हिरा धरून ठेवणारी सोन्याची नखं कडक लागतात; ते काम चौदा-अठरा कॅरेटचं. आणि गर्दीत गळ्यातल्या चेनवर जसा डोळा जातो, तसा या ठिणगीवर जात नाही.

काकू : ते सगळं ठीक. पण मोडायला नेलीस तर? सराफ सोनं तोलेल आणि हिरा फुंकर मारून बाजूला ठेवेल.

मुलगी : ठेवेलच. इथे तुमचंच बरोबर आहे. सोन्यातही घडणावळ परत मिळत नाही, वर घट कापतात. पण सोन्याचा भाव रोज पेपरात येतो. हिऱ्याचा असा एक भाव नसतो. पैलू, रंग, स्वच्छता, वजन, प्रत्येक खड्याचं वेगळं. त्यामुळे विकायला गेलं की समोरचा म्हणेल तो भाव. म्हणूनच मी ही अंगठी ठेवीत धरत नाही, कपड्यालत्त्यात धरते. पैठणी कोणी मोडायला नेतं का? हा हिशोब काही नवा नाही. तुमच्या नाकात चमकी आहे ना? हिऱ्याचीच?

काकू : (नाक सावरत) सासूबाईंनी घातलेली. झोपतानासुद्धा काढत नाही.

मुलगी : झालं तर! रोज वापरायचा हिरा तुमच्या नाकात बसून आहे आणि आजवर त्याची मोड किती येईल हे तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. हिऱ्याच्या कुड्याही अशाच. 1947 मध्ये अमेरिकेत एका जाहिरातवालीनं ‘हिरा कायमचा’ अशा अर्थाची ओळ लिहिली, हिरे विकणाऱ्या डी बिअर्स कंपनीनं ती जगभर मिरवली. पण कायमचा म्हणजे जपून ठेवायचा, विकायचा नाही, हेही त्यात आलंच की!

काकू : आणि तो प्रयोगशाळेतला? माझी भाची म्हणते, दिसायला तोच आणि पैशाला स्वस्त. म्हणजे खोटाच ना!

मुलगी : खोटा नाही, तोही शुद्ध कार्बनच. एका पद्धतीत मिथेन वायूपासून थरावर थर चढवत काही आठवड्यांत वाढवतात.

काकू : मिथेन? तो गोबर गॅसमधला?

मुलगी : तोच.

काकू : अरे देवा! म्हणजे शेणातून हिरा?

मुलगी : 2023 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेट वजनाचा असाच हिरा भेट दिला. त्यांनी नाक मुरडल्याचं ऐकिवात नाही. खोट हिऱ्यात नाही, त्याचा भाव टिकेल या आशेत आहे. यंत्रं वाढली की माल वाढतो आणि भाव गडगडतो. डी बिअर्सनंच 2018 मध्ये अशा हिऱ्यांच्या दागिन्यांचा लाइटबॉक्स नावाचा ब्रँड काढला आणि 2025 मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. घालायला उत्तम, साठवायला नाही.

काकू : मग दुकानात गुंतवणूक, गुंतवणूक काय म्हणतात?

मुलगी : माझी तक्रार तिथेच आहे. विकताना गुंतवणूक म्हणायचं आणि परत नेलं की फॅशन गेली म्हणायचं. दागिना एकच, पण काउंटरच्या दोन बाजूंना त्याची दोन नावं. हॉलमार्क बघून बायका निर्धास्त होतात, पण त्यातला सहा अंक-अक्षरांचा क्रमांक फक्त सोन्याची ग्वाही देतो, खड्याची नाही. म्हणून पावतीवर सोन्याचं वजन वेगळं, हिऱ्याचं वेगळं, खाणीतला की प्रयोगशाळेतला ते स्पष्ट, आणि परत घेताना किती कापणार तेही लिहून घ्यायचं. खड्याचं प्रमाणपत्र निराळं मागायचं. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. पोळ्यांची कणीक मागून बसली की तो गारगोटीसारखा दिसतो. कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशनं धुवायचा, एवढंही दुकानदार सांगत नाहीत.

काकू : एवढं सगळं विचारलंस तर दुकानदार थंडसुद्धा पाजणार नाही गं.

मुलगी : मग काय करू?

काकू : आधी थंड पिऊन घ्यायचं. मग विचारायचं.