शेवटची कर्जत आणि बिनकॅरियरची सायकल

गिरगावात डोंगर नाही, असं गिरगावकराला सांगून बघावं. तो हाताला धरून गच्चीवर नेतो आणि मलबार हिल दाखवतो. २०२५च्या मार्चअखेरीपासून तर त्याच्याकडे पुरावाही आहे. महापालिकेने तिथल्या झाडीत जमिनीपासून उंचावर लाकडी निसर्गवाट बांधली. लांबी ४८५ मीटर, तिकीट २५ रुपये, आणि जंगलात कितीला शिरायचं ते आधी ऑनलाइन ठरवायचं. पाण्याची बाटली, टोपी, दुर्बीण, ओडोमॉस आणि पायाला लावायची क्रेप बँडेज असा सरंजाम घेऊन निघालेलं कुटुंब आजोबांच्या बुटाची नाडी दुसऱ्यांदा बांधून होईस्तोवर दुसऱ्या टोकाला पोचतं. वाट चांगली आहे, पक्षीही दिसतात. फक्त दमायची सोय नाही.

दमायचं असेल, तर मध्य मुंबईला शेवटची कर्जत पकडावी लागते. (कसाऱ्याला जाणारा पंथ वेगळा. ती मंडळी कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाची. त्यांना कर्जतवाले पोरकट वाटतात.)

शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास सीएसएमटीहून ही गाडी सुटते. गिरगावकर चर्नी रोडचा, म्हणजे पश्चिम रेल्वेचा. त्याला आधी टॅक्सीने बोरीबंदर गाठावं लागतं. आता गिरगावातून थेट सीएसएमटीला भुयारी मेट्रो आहे, पण शेवटच्या कर्जतच्या वेळी ती निजलेली असते. तरी सुरुवातीच्या स्थानकामुळे गिरगावकराला खिडकी मिळते. लालबागकर करी रोडला चढतो, तोवर निदान टेकायला जागा असते. दादरकराच्या नशिबात दारातला दांडा. पाठीवर साठ लिटरची सॅक, तिला बाहेरून बांधलेली कॅरीमॅट, आणि ती मॅट नेमकी दिवसभराच्या ड्यूटीवरून अंबरनाथला परतणाऱ्याच्या नाकाशी. "पोरांनो, सुट्टीच्या दिवशी घरात झोप लागत नाही का?" हा प्रश्न साधारण घाटकोपरच्या आसपास येतो. त्याचं उत्तर आजवर कोणालाही देता आलेलं नाही.

शंभर किलोमीटर उरकून अडीचच्या सुमारास कर्जत. मग उजाडेपर्यंत फलाटावर पथारी. दादरच्या घरात पंख्याचा आवाज झाला म्हणून कूस बदलणारा तरुण इथे मालगाडी धडधडत गेली तरी हलत नाही.

हे वेड आजचं नाही. 'गिरिविहार' ही संस्था मुंबईत १९५४ साली निघाली आणि डोंगर चढणं ही रीतसर शिकायची गोष्ट आहे, हे शहराला समजलं. चाळीला समजायला अंमळ वेळ लागला. १९८८ साली याच गिरिविहारने कांचनगंगेवर मोहीम नेली, तरी चाळीतल्या आयांचं म्हणणं एकच होतं: ती मुलं गेली असतील, पण त्यांनी स्वेटर नेला होता. त्या काळी कॅनव्हासचे हंटर शूज हेच पायातलं वैभव. पुढे अॅक्शनचे ट्रेकिंग शूज आले आणि ते कातळावर किती पकडतात यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेटइतकीच चर्चा झडली. आनंद पाळंद्यांच्या 'डोंगरयात्रा'तली पानं झेरॉक्स करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली जात. आता वाट मोबाइलवर असते. रेंज गेली की मोबाइल खिशात जातो आणि समोरून येणाऱ्या गुराख्याला "मामा, वाट कुठली?" असं विचारलं जातं. म्हणजे पाळंद्यांच्याही आधीची पद्धत.

मामांचं उत्तर ठरलेलं. "ही काय, फुडंच. पाच मिन्टं." मामांची पाच मिनिटं आणि परळकराची पाच मिनिटं यांतला फरक सह्याद्रीने कित्येकांच्या पोटऱ्यांना समजावून दिला आहे.

या सगळ्याचा कळस पाहायचा तर भीमाशंकरला जावं, तेही कोकणातून. कर्जतहून कशेळेमार्गे टमटम खांडसला सोडते. तिथून दोन वाटा. गणपती घाट लांबचा आणि भल्या माणसांचा. शिडी घाट जवळचा. त्यात कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे फोटो चांगले येतात. दोन्ही वाटा मधल्या पठारावर, पदरावर, एकत्र होतात. तिथे झोपडीत लिंबू सरबत मिळतं. पुढचा चढ मात्र दाट रानातून, ओल्या पाचोळ्यावरून, थेट छातीवर. हे भीमाशंकर अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालेलं आणि शेकरूसाठी नावाजलेलं. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. हातभर लांब, तांबूस-तपकिरी, झुपकेदार शेपटीची ही खार जमिनीवर फारशी उतरत नाही. शेकरू बघायला आलेले वीस जण "शू! शू!" असं एकमेकांवर ओरडत जातात तेव्हा तर मुळीच नाही.

श्रावणात इथे गंमत असते. दादरकर दोन्ही हातांत काठ्या, गुडघ्यांना कॅप, पाठीवर नळीने पाणी पिण्याची पिशवी असा जामानिमा करून धापा टाकत असतो. तेवढ्यात मागून नऊवारीतल्या, साठी उलटलेल्या मावशी येतात. पायात रबरी चपला आणि त्याही अर्ध्या वाटेपासून हातात, कारण घसरतात. डोक्यावर बोचकं. "बाजूला हो रे लेकरा," म्हणून त्या पुढे जातात. जाताना गप्पांचा विषयही तुटत नाही. बहुधा सुनेचा असतो.

आणि मग माथा! हजारेक मीटर उंची, चार-पाच तासांची चढाई, शर्टावर मिठाचे नकाशे. धुक्यातून बाहेर पडावं तर समोर एसटी स्टँड. पुण्याहून सकाळी निघालेली बस उभी आहे, इस्त्रीच्या कपड्यांतलं कुटुंब पेढे घेतंय आणि त्यातले काका विचारतात, "अहो, तुम्ही चिखलात पडलात का?"

यावर उतारा म्हणून काही जण सायकलीकडे वळतात. यातला शहाणा वर्ग बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातो, फाटकाजवळ भाड्याची सायकल घेतो आणि कान्हेरीचा रस्ता धरतो. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, आत १०९ लेणी. निम्म्या वाटेपर्यंत तो सायकलवर असतो, पुढच्या चढाला सायकल हातात धरून चालतो. वर गेल्यावर दिसतं, की भिक्खूंनी जवळपास प्रत्येक लेण्यालगत पाण्याची पोढी खोदून ठेवली होती. ह्याने बाटली फाटकावरच संपवलेली असते.

दुसरा वर्ग स्वतःची सायकल घेतो. लालबाग-परळच्या चाळीत माउंटन बाइक ठेवणं हा वेगळाच गिर्यारोहणाचा प्रकार आहे. लाकडी जिना, मधे वळण, वळणावर कोणाची तरी बादली, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांमधून हँडल काढायचं. पहाटे चारला ती खाली उतरवताना साखळीचा आवाज होऊ नये म्हणून तिच्यावर फडकं गुंडाळलं जातं. तरी पहिल्या मजल्यावरून "कोण रे?" येतंच.

मग शीव, वाशी, पनवेल करत सत्तरएक किलोमीटरवर खोपोली. एक्सप्रेसवेवर सायकलीला मज्जाव आहे, तेव्हा जुना रस्ता आणि शिंग्रोबाचा चढ. इंग्रजांना बोरघाटातली वाट दाखवणारा शिंग्रोबा धनगर, आणि बक्षीस म्हणून त्याला मिळालेली गोळी, ही दंतकथा घाटातल्या त्याच्या देवळाशी दम खात थांबलेले सायकलवाले एकमेकांना सांगतात. कथा लांबवता येते, हा तिचा गुण. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो. राजांची सवय असलेल्या लालबागकराला त्याचं अप्रूप वाटत नाही, पण चढताना तो मनातल्या मनात नवस मात्र आपल्याच राजाला बोलतो.

सायकलीचं वेडही आजचं नाही. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जग फिरायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा या तिघांनी प्रदक्षिणा पुरी केली आणि १९२८ साली ते परत आले. वाळवंटं तुडवली, जंगलं पार केली, तेही गिअर नसलेल्या सायकलींवर. गिअर हा शब्द मात्र चाळीत जपून वापरावा.

दादरच्या एका चाळीत नवी कोरी माउंटन बाइक आली, तेव्हा शेजारच्या सीकेपी आजी चष्मा लावून बाहेर आल्या.

"केवढ्याची रे?"

आकडा निम्मा करून सांगण्यात आला.

"आणि गिअर एकवीस? बरं. स्टँड कुठाय?"

"नसतो, आजी."

"घंटी? मडगार्ड? कॅरियर?"

"वजन वाढतं ना."

"अरे, मग भाजी कशावर आणायची?"

या प्रश्नापुढे एकवीसही गिअर फिके पडले. जूनच्या पहिल्या पावसात स्वारी खोपोलीला निघाली, तेव्हा मागे भक्कम कॅरियर होतं. घाटाखाली रस्त्याच्या कडेला ठाकरणी रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. शेवळांच्या जुड्या पाहून पठ्ठ्याला आजींच्या हातची शेवळाची कणी आठवली. जुड्या कॅरियरवर बांधल्या, उलटं वारं खात दादर गाठलं, सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले चढला आणि जुड्या आजींपुढे ठेवल्या. आजींनी त्या हातात घेऊन उलटसुलट केल्या.

"शेवळं झकास आहेत. पण काकडं कुठायत? काकडांशिवाय केली तर घसा खाजेल ना."

"काकडं नाही आणली."

"असू दे. खाली स्टेशनपाशी बसलीये बाई, तिच्याकडे आहेत." आजींनी पिशवी दिली. "शेवळंही आहेत म्हणा तिच्याकडे. पण तू आता आणलीच आहेस."