अँपिअरकाका

काकांनी आधी बॅटरी घेतली, मग चार्जर, मग दुसरी बॅटरी. त्या ज्यात बसवायच्या ते ड्रिल घरात यायला पुढची दिवाळी उजाडली. लोकांना हा क्रम उलटा वाटतो. काकांच्या मते लोकच उलटे आहेत. "मशीन काय हो, आज हे घ्याल, उद्या ते घ्याल. बॅटरी घेतली की सोयरीक झाली. पुढची सगळी देवाणघेवाण त्याच घराशी!" आणि यात ते बरोबर असतात. काकांच्या शेजारी राहण्यातली खरी अडचण हीच, की ते सहसा चुकत नाहीत.

काका कोथरूडचे, विमा कंपनीतून निवृत्त. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते आता कुरिअरवाल्यापुरतंच उरलं आहे. सोसायटीला ते अँपिअरकाका म्हणूनच माहीत.

सोयरीक जुळवायला त्यांना दोन वर्षं लागली. स्थळं होती रंगांची. मकिता मोरपंखी, डिवॉल्ट पिवळं, बॉश निळं. त्यातही बॉशच्या घरात दोन चुली: कारागिरांसाठी निळी यंत्रं, हौशी लोकांसाठी हिरवी. दोन्हीकडे १८ व्होल्टच, पण निळ्याची बॅटरी हिरव्यात बसत नाही. काका हे सांगताना आवाज खाली आणतात, एखाद्या चांगल्या घरातली भाऊबंदकी सांगावी तसा. २०१८ साली मेटाबोने इतर काही कंपन्यांना बरोबर घेऊन एकच बॅटरी सगळ्यांच्या यंत्रांत चालेल अशी आघाडी उभी केली, तेव्हा काकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी नुसती मान हलवली. "आघाड्या किती टिकतात ते महाराष्ट्राला नका सांगू."

शेवटी कोणता रंग ठरला ते मी सांगत नाही. सांगितलं तर उरलेल्या दोन रंगांचे काका माझ्या दारात येऊन उभे राहतील.

काकांचं ऐन भरातलं रूप पाहायचं असेल तर त्यांच्याबरोबर बोहरी आळीत जावं. म्हणजे आपल्याला काही घ्यायचं आहे असं त्यांच्या कानावर जावं लागतं. पुढे ते स्वतःच येतात. स्कूटरच्या डिकीत स्वयंपाकघरातला वजनकाटा असतो. तो कुठे गेला हे काकूंनी आता विचारणं सोडलं आहे.

दुकानदार उत्साहाने एक खोका पुढे करतो. खोक्यावर मोठ्या लाल आकड्यांत ८८ आणि त्यापुढे 'व्हीएफ' अशी दोन अक्षरं.

"अठ्ठ्याऐंशी व्होल्ट, साहेब. दोन बॅटऱ्या, चार्जर, पेटी, सगळं यातच."

"सेल किती?"

"अं?"

"आत सेल किती आहेत?"

दुकानदार काकांना ओळखतो आणि आता ओळखल्याचा पश्चात्ताप त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागतो. काका माझ्याकडे वळून वर्ग सुरू करतात. लिथियमच्या एका सेलचा दाब ३.६ व्होल्ट. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८. नुकती चार्ज केलेली, कामाला न जुंपलेली तीच बॅटरी २० च्या घरात दिसते, म्हणून डिवॉल्ट अमेरिकेत '२० व्होल्ट मॅक्स' छापतं आणि युरोपात तीच चीज १८ म्हणून विकतं. "ते एक वेळ चालेल, तो कागदावरचा मोठेपणा झाला. पण ८८ व्होल्टला चोवीस-पंचवीस सेल ओळीने लागतील. या डबीत मावतात का? दाखवा." डबी काट्यावर चढते. एका १८६५० सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या पुढेमागे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून ते नाव. असे दहा सेल असलेली खरी बॅटरी कवचासकट सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. हिचे साडेतीनशेसुद्धा होत नाहीत.

"मग तो व्हीएफ कशाचा?" मी विचारतो.

"एफ फसवणुकीचा," काका म्हणतात. दुकानात इतर गिऱ्हाईक असतं.

"काका, तुम्हाला घ्यायचंय का आज काही?" दुकानदार विचारतो. या प्रश्नाला काकांनी आजवर सरळ उत्तर दिल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

पण सल्ला ते फुकट आणि चोख देतात. नुसते स्क्रू पिळायचे, फळ्या जोडायच्या, तर पाच सेलची दोन अँपिअर-अवरची बॅटरी पुष्कळ झाली, हाताला हलकी. ग्राइंडर किंवा हॅमर चालवायचा, तर दोन ओळींची, दहा सेलची घ्यावी. काम जास्त वेळ चालतं ते तर आहेच, पण ओढ दोन ओळींत वाटली जाते, त्यामुळे सेल तापत नाही आणि भिंतीत बिट अडकल्यावर दाब कोसळत नाही. पॅकेटवर आयएस १६०४६ हा बॅटरीच्या सुरक्षेचा भारतीय मानकांक आहे का पाहावं. शक्यतो दोन बॅटऱ्या आणि चार्जर मिळून येणारा संच उचलावा, आणि पुढची यंत्रं नुसती बॉडी घ्यावीत, कारण किमतीतला मोठा वाटा बॅटरीच खाते. हे सगळं मान्य करून आपण पैसे काढले की काका हात धरतात. "आत्ता नको. ऑफर येऊ दे."

लेक अमेरिकेहून यायची असते तेव्हा इतर आयाबाप बदाम-पिस्त्यांची यादी पाठवतात. काकांची यादी एका ओळीची, पण तळटिपा फार. सुटी बॅटरी हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये अजिबात नको. विमानात १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी न मागता नेता येते. १८ गुणिले ५ बरोबर ९०, तेव्हा पाचची आण. सहाची १०८ होते, मग एअरलाइनची विनवणी करत बसावं लागेल. चार्जर मुळीच आणू नकोस, तिकडचा १२० व्होल्टवरचा, इथे लावलास की धूर. लेकीने एकदा विचारलं, "बाबा, आमच्यासाठी तिकडून काय आणायचं ते मी तुम्हाला कधी सांगितलं का?" काकांनी तो मेसेज वाचला, आणि तळटिपांत एक वाढवली.

२०१९ साली लिथियम-आयनच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा ठराव मांडला. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते, याचं काकांना विशेष कौतुक. वर टाकी साफ करण्याची सूचना होती आणि खाली कोणाची तरी मांजर हरवली होती. ठरावाला दोन अंगठे आले. एक काकूंचा.

काकांच्या बॅटऱ्या हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटात असतात, कारण घरात ऊन न येणारी तेवढीच जागा. फ्रिज काकूंनी नाकारला. निकेल-कॅडमियमच्या जमान्यात काका बॅटरी पार रिकामी करून मगच चार्जिंगला लावत. तो धडा त्यांनी लिथियम आल्यावर निष्ठेने विसरून टाकला. लिथियम नुसती ठेवायची तर अर्धी भरलेली ठेवायची. भरगच्च ठेवली तर म्हातारी लवकर होते, पूर्ण रिकामी ठेवली तर कधी उठतच नाही. म्हणून महिन्यातून एकदा काका प्रत्येकीचं बटण दाबतात आणि चारपैकी दोन दिवे लागले की समाधानाने कपाट लावतात.

एवढ्या तयारीनिशी काकांनी भिंतीला पाडलेली भोकं किती, हा प्रश्न सोसायटीत कोणी विचारत नाही. काकूंनी विचारला. हॉलमधला पडद्याचा रॉड गौरी-गणपतीपूर्वी लावायचा होता. काका म्हणाले, खिडकीवर काँक्रीटचा लिंटेल आहे, साध्या ड्रिलचं काम नाही, हॅमर पाहिजे. हॅमर त्याच रंगातला घ्यायचा, नुसती बॉडी, आणि त्याच्यावर दसऱ्याला सूट येईल. काकूंनी गौरींना दसऱ्यापर्यंत थांबा म्हणायचं नाकारलं आणि सुताराला फोन केला.

सुतार आला तो ८८ व्होल्टवालं यंत्र घेऊन. बॅटरीला चिकटपट्टी गुंडाळलेली. काकांनी काटा काढला, पण काकूंनी डोळे वटारले म्हणून तो परत ठेवला. पहिलं भोक पडलं. दुसऱ्याच्या अर्ध्यात यंत्राने मान टाकली.

"पाचच सेल!" काका म्हणाले. इतका निर्मळ आनंद त्यांच्या चेहऱ्यावर लेकीच्या लग्नातही नव्हता.

सुताराने पिशवीतून तसलीच दुसरी बॅटरी काढली, भोक पुरं केलं, प्लग ठोकले, रॉड लावला. मग फडक्याने हात पुसत म्हणाला, "काका, रोज असंच दगा देतं बघा. कुठलं घेऊ?"

आणि काकांनी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, आधी समोरच्याला प्रश्न विचारला. "दिवसभर काय काम असतं तुझं?" अर्धा तास दोघं बोलत होते. चहा दोनदा झाला. आठवड्यात सुताराने हॅमर घेतला, ऑफरची वाट न पाहता, काका बरोबर असताना. रंग अर्थात काकांचाच.

आता काकांच्या बॅटऱ्या अख्ख्या कोथरूडच्या भिंतींना भोकं पाडतात. सुतार सकाळी नेतो, संध्याकाळी आणून देतो, आणि उसनी वस्तू रिती कशी द्यायची म्हणून चारही दिवे भरून देतो. काकांनी त्याला चार वेळा समजावलं, दोन दिव्यांवर आण बाबा. तो म्हणतो, "असू दे हो काका, आपली माणसं." मग काकांनी एक कामाचा दिवा घेतला, त्याच रंगातला, नुसती बॉडी. संध्याकाळी गॅलरीत बसून, बॅटरी त्याला लावून, ते ती अर्ध्यावर आणत असतात.

समोरच्या इमारतीतून हाक येते, "काका, तुमच्याकडचे लाइट गेलेत का?"

"नाही हो," काकू आतून ओरडतात, "आलेले घालवतायत."