मुक्काम पोस्ट तिबेट, तालुका अर्जुनी-मोरगाव

निवृत्त झाल्यावर परदेशात जाऊन राहणाऱ्या माणसांबद्दल मराठी मध्यमवर्गाला भारी कुतूहल. कोण पोर्तुगालला गेलं, कोणी दुबईत फ्लॅट घेतला, न्यू जर्सीला मुलाकडे कोणाचे आईवडील सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यानं राहतात, याची खडान्‌खडा माहिती सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर मिळते. उलट दिशेनं आलेली, म्हणजे आपला देश मागे ठेवून आपल्याकडे म्हातारी झालेली माणसं मात्र कट्ट्याच्या हिशेबात नसतात. ती भेटतात गोंदिया जिल्ह्यात. आणि कोथरूडच्या माणसाला न्यू जर्सी त्या मानानं जवळ वाटते.

समजा, कोथरूडचंच एक नमुनेदार जोडपं निघालं. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेतून. गाडी अर्थातच महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ही गाडी तेराशेहून अधिक किलोमीटर धावते आणि एवढ्या प्रवासात राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही. दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा. काकांच्या समजुतीप्रमाणे महाराष्ट्र नागपूरला संपतो आणि पुढे संत्र्यांच्या बागा लागतात. संत्री अलीकडेच, काटोल-वरूडच्या बाजूला राहिलेली असतात. पुढे लागतो तो भात, आणि भाताच्या मधून मधून तलाव. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या या तलावांना इकडे अंत नाही. पहिला दिसला तेव्हा काकूंनी फोटो काढला. मग एका तासात त्यांनी फोन पर्समध्ये ठेवून दिला.

गोंदियाला गाडी बदलून बल्लारशाच्या मार्गावर अर्जुनी गाठायचं आणि तिथून रस्त्यानं गोठणगाव. स्टेशनबाहेर एकानं विचारलं, “कोठी चालले जी?” काकांनी शुद्ध मराठीत सांगितलं, “नॉर्ग्येलिंग तिबेटी निर्वासित वसाहतीत जायचंय आम्हाला.” त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “कॅम्पात का?”

तर हा कॅम्प. इटियाडोह धरणाच्या शेजारी, प्रतापगडाच्या पायथ्याच्या मुलखात, १९७२ साली वसलेला. प्रतापगडावर महादेव आहे, दर्गाही आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्या दोघांच्या शेजारी बुद्ध येऊन बसले तेव्हा जागेची कुरकुर कोणी केल्याचं ऐकिवात नाही. जगभरातले तिबेटी या वसाहतीला ‘भंडारा’ म्हणतात. वसाहत झाली तेव्हा तो भंडारा जिल्हाच होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा निघाला, पण ही बातमी तिबेटी बोलण्यात अजून शिरलेली नाही. त्यामुळे टोरांटोतला एखादा तिबेटी तरुण ‘मी भंडाऱ्याचा’ म्हणाला, तर तो गोंदियाचा असतो.

आता हवामान. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटरवर. गोठणगावचा मुलूख तीनशेच्या आतबाहेर, आणि मे महिन्यात पूर्व विदर्भाचा पारा ४५ अंशांवर गेला तर वर्तमानपत्रं ती बातमी आतल्या पानावर टाकतात. १९५९च्या मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार माणसं आली. त्यातल्या पुष्कळांनी आधी हिमालयात रस्त्यांवर खडी फोडली. मग वसाहती निघाल्या. कर्नाटकात बैलकुप्पे, पुढे मुंडगोड. शेजारच्या छत्तीसगडातलं मैनपाट तर हजार मीटरच्या वर, लोक हवा खायला जातात असं पठार. या मंडळींच्या वाट्याला झाडीपट्टी आली. याकच्या लोकरीचे आणि मेंढीच्या कातड्याचे कपडे घालणारी माणसं, आणि समोर गुडघाभर चिखलातली रोवणी! काकांनी नुकताच बेडरूममध्ये दुसरा एसी बसवून घेतला होता. त्यांनी हा विषय वाढवला नाही.

खरा विनोद पुढे आहे. या तापलेल्या मुलखातल्या माणसांचा हिवाळ्यातला धंदा काय, तर स्वेटर विकणं. भारतातल्या बहुतेक तिबेटी वसाहतींचं हेच आहे. दिवाळीच्या सुमारास लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून माल उचलायचा, बराचसा उधारीवर, शहराशहरांतल्या फुटपाथवर दोन-तीन महिने बसायचं आणि हंगाम संपला की उधारी फेडून घरी यायचं. माल लुधियानाचा, गिऱ्हाईक पुण्याचं, तिबेटचा म्हणावा असा फक्त विकणारा. काकांच्या अंगातला राखाडी स्वेटरही असाच घेतलेला होता, वीस मिनिटं घासाघीस करून. ज्या घरी ते चहाला बसले तिथल्या आजीबाईंनी तो दुरून पाहिला, बाहीला हात लावला आणि हिंदीत विचारलं, “कितने में लिया?” काकांनी आकडा सांगितला. आजीबाई फक्त हसल्या. काकूंना तेवढं पुरलं. परतीच्या प्रवासात त्यांनी हा हिशेब तीनदा काढला.

चहा आला. तिबेटी चहात साखर नसते. मीठ असतं आणि लोणी असतं. पूर्वी लाकडी उभ्या नळकांड्यात तो घुसळत, आता मिक्सरमधून फिरवतात. काकांनी पहिला घोट घेतला आणि बँकेत थकबाकीदाराकडे पाहताना करायचे तसा चेहरा केला. कप थोडा रिकामा झाला की यजमान तो पुन्हा भरतात, ही तिबेटी रीत काकांना कोणी सांगितली नव्हती. ते भिडेखातर पीत राहिले, आजीबाई अगत्यानं ओतत राहिल्या. सोबत त्साम्पा होता, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ. काकूंनी चव घेतली आणि निम्म्या तक्रारी मागे घेतल्या.

संध्याकाळी म्हातारी मंडळी हातात माळ घेऊन विहाराभोवती फेऱ्या घालतात. काकांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आणि अजून दोन हजार पावलं शिल्लक. तेही निघाले, मात्र उलट्या दिशेनं. समोरून येणाऱ्या आजोबांनी काहीही न बोलता त्यांचा दंड धरला आणि प्रदक्षिणेच्या दिशेला वळवून सोडलं. घड्याळाला दिशा कळत नाही, तेव्हा पावलं भरली.

फेऱ्या झाल्यावर दोघे म्हातारे कट्ट्यावर टेकले आणि बोलणं कागदपत्रांवर आलं. या वयात येतंच. काकांना दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आजोबांना ठरावीक मुदतीनं नोंदणीपत्राचं नूतनीकरण करून आपण परदेशी असल्याचं सिद्ध करावं लागतं, पन्नास वर्षं इथला भात खाऊनसुद्धा. परदेशी जायचं तर पासपोर्टाच्या जागी पिवळं ओळखपत्र. मुलांची गोष्ट निराळी. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय, हे कायद्यात होतं; तिबेटींनाही ते लागू आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं. म्हणजे बाप परदेशी आणि १९७५ साली कॅम्पात जन्मलेला मुलगा भारतीय, असं एकाच छपराखाली घडू शकतं. काकांकडे नेमकं उलटं: बाप भारतीय, मुलगा अमेरिकन.

अमेरिकेनं १९९०च्या कायद्यानं तिबेटींना एक हजार व्हिसा दिले, त्यांच्यामागे नातेवाईक गेले आणि आता न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये मोमोंची दुकानं आहेत. काकांचा मुलगा तिथेच डाळ-तांदूळ भरायला जातो. दोन्हीकडचे म्हातारे रात्री एकाच वेळी फोन समोर धरून बसतात, आणि दोन्हीकडची नातवंडं आजी-आजोबांशी इंग्रजीत बोलतात. फरक आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. काकांचा मुलगा हौसेनं गेला, हवं तेव्हा परत येऊ शकतो. आजोबांनी देश निवडून सोडला नव्हता, आणि निवृत्त तर ते कधी झालेच नाहीत; पेन्शन हा शब्द त्यांनी पहिल्यांदा काकांकडूनच सविस्तर ऐकला, जरा जास्तच सविस्तर.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: मे महिन्यात माणसं घरी सापडतील, पण तुम्ही शिजाल. डिसेंबरात हवा छान, पण कर्ती मंडळी स्वेटर घेऊन बाहेरगावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष येतं, तोवर सगळे परतलेले असतात. तेव्हा जा, आणि कप पूर्ण रिकामा करू नका.