जावाच्या हाताने घर आवरण्याची रीत

हा विधी घरातली बाकीची माणसं लग्नाला गेलेली असताना करावा. साहित्य : सगळ्यांत मिळून एक असलेला घरचा कॉम्प्युटर, त्यात आई-बाबांचं आणि आपलं वेगवेगळं लॉगिन, सातव्या आवृत्तीपुढची कुठलीही जावा आणि चहा. फायली हाताने लावायला पाऊण तास पुरतो. एवढा वेळ आजकाल कोणाला असतो? म्हणून दिवसभर बसून प्रोग्रॅम लिहावा. (जावा म्हणजे इथे प्रोग्रॅमिंगची भाषा. एकत्र कुटुंबातल्या जावांशी हिचं नातं नाही, पण दुसरीने केलेली मांडणी फिरून लावायची हौस तशीच.)

प्रथम घर शोधावं. जावाला ‘यूजर डॉट होम’ विचारलं की ती पत्ता सांगते. तो पत्ता प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या घराचा असतो, ज्याचं घर आवरायचं आहे त्याच्या नव्हे. बाबांचे कागद लावायला निघालेल्या माझ्या प्रोग्रॅमने पहिल्या फेरीत माझ्याच पगाराच्या पावत्या ‘बाबा – रक्त तपासणी’त नेऊन घातल्या. पत्ता हाताने लिहून द्यावा आणि पुढे जावं.

मग नमुना. नमुना म्हणजे नावाचा साचा. ‘आयएमजी, डॅश, आठ आकडे, डॅश, डब्ल्यूए, चार आकडे’ असं एकदा सांगितलं की व्हॉट्सॲपवरून आलेली सगळी सुप्रभातं एका झटक्यात गोळा होतात. ही विद्या मूळची गणिताची. स्टीफन क्लेनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५१ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्यांचा विचार करता करता ती मांडली. केन थॉम्पसनने १९६८ मध्ये तिच्यावरून मजकूर शोधायची युक्ती प्रसिद्ध केली. जावात ती २००२ साली, १.४ आवृत्तीत आली. मज्जापेशींपासून निघालेली विद्या अर्ध्या शतकाने आईच्या ‘शुभ सकाळ’पर्यंत पोचली आहे, हे ध्यानात ठेवून पाठ ताठ करून बसावं.

आकडा म्हणायचा तर बॅकस्लॅश आणि डी. पण जावाच्या अवतरणचिन्हांत बॅकस्लॅशला स्वतःचं वेगळं काम असतं, म्हणून तो दोनदा लिहावा. खरोखरचा एक बॅकस्लॅश शोधायचा असेल तर चारदा. कारण विचारू नये, मोजत राहावं.

आता मराठी नावं. आई पाककृतींच्या फायलींना देवनागरीत नावं देते. बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे शब्दातलं अक्षर, असं पुस्तकात वाचून मी तो लावला. एकही फाईल जागची हलली नाही. जावाच्या लेखी शब्दातलं अक्षर म्हणजे रोमन अक्षर, इंग्रजी आकडा किंवा अंडरस्कोअर. वेगळं सांगितल्याशिवाय ती आपल्याला साक्षर मानत नाही. मग युनिकोडमधला ‘अक्षर’ हा वर्ग लावला. वरण आत गेलं. खरवस गेला, फणसही गेला. मोदक, करंजी आणि अळूवडी दारातच उभ्या. तासभर डोकं धरून बसल्यावर उलगडा झाला : काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नव्हेत, ‘चिन्हं’ आहेत, आणि त्यांची पंगत वेगळी बसते. साच्यात दोन्ही वर्ग घ्यावेत, नाहीतर ‘युनिकोड कॅरॅक्टर क्लास’ नावाचा फ्लॅग द्यावा. तो सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून मिळतो. मोदक आत आले की एक चहा घ्यावा.

जुळवायच्या रीती दोन. ‘मॅचेस’ला नाव अथपासून इतिपर्यंत साच्यात बसलेलं लागतं; ‘फाइंड’ला नावात कुठेही सापडलं तरी चालतं. बाबांच्या फायली ‘बिल मार्च’, ‘बिल भरलं जून’, ‘बिल (नवीन) बघणे’ अशा. त्यांना मॅचेस लावून कोण बसणार? फाइंड घ्यावं, आणि साचा एवढाच : बिल. जाणकार म्हणतात, आधी काहीही न हलवता जुळलेली नावं नुसती पडद्यावर छापून पाहावीत. नवशिक्यांनी तसं जरूर करावं.

शेवटी ‘फाइल्स डॉट मूव्ह’. तिला दोनच गोष्टी सांगायच्या : कुठून आणि कुठे. ‘कुठे’मध्ये मी नव्याने केलेला, रिकामा ‘लाईट बिल’ फोल्डर दिला. जावा म्हणाली, या नावाचं तिथे आधीच काहीतरी आहे. त्यावर ‘रिप्लेस एग्झिस्टिंग’ असं जोडलं की ती गप्प बसते, असं कळलं. बसली. दोन सेकंदांत काम संपलं.

झालं ते असं. ‘कुठे’चं उत्तर जावाला फायलीच्या नावासकट लागतं. नुसता फोल्डर दिला तर फायलीचं नवं नाव हेच, असं ती धरून चालते. फोल्डरमध्ये एखादी तरी फाईल असती तर तिने नकार दिला असता. तो रिकामा, म्हणून तिने तो मोडला आणि त्याच्या जागी, त्याच्याच नावाने, पहिलं बिल ठेवलं. दुसरं आल्यावर पहिलं पुसलं. अशी बेचाळीस बिलं एकाच पाटावर एकामागून एक बसली आणि उठली. (रिसायकल बिनमध्ये बघू नये. या वाटेने गेलेलं तिथे थांबत नाही.)

उरली एकच फाईल. नाव ‘लाईट बिल’, पुढे एक्स्टेन्शन नाही. पीडीएफच्या प्रोग्रॅमने ती उघडायला नकार दिला. आकार पाहिला तर चाळीस एमबी. एवढं बिल आमच्या घराला येत नाही. व्हीएलसीत टाकली. तानपुरा सुरू झाला. नावांच्या क्रमात सगळ्या बिलांच्या खाली बसलेली आणि माझ्या साच्यात पहिल्याच अक्षराला चपखल सापडलेली, बाबांची बिलासखानी तोडी. सकाळचा राग. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला.