लाँचरवाले आप्पा

सांगलीच्या गणपती पेठेत आप्पांचं वह्या-स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानात कुठली वस्तू कुठं आहे हे फक्त आप्पांनाच माहीत असतं, अशी पेठेत समजूत आहे. ती खोटी आहे. आप्पांनाही माहीत नसतं. कार्बन पेपर मागितला की ते फळीवर बघतात, स्टुलाखाली बघतात, रंगपेट्यांच्या खोक्यात हात घालतात आणि शेवटी गिऱ्हाइकालाच सांगतात, "समोर बघा की, त्याच्याकडं असतोय."

त्यांचा फोन मात्र बघावा. पडद्यावर एक घड्याळ, तळाला चार आयकॉन, बाकी सगळं सारवलेल्या अंगणासारखं मोकळं. आयकॉनखाली नावं नाहीत. "नाव कशाला पायजे? आपल्या माणसाला आपण पाटी लावतो व्हय?" फोनवरची ही शिस्त ते फळीवर का आणत नाहीत, असं वैनींनी एकदा विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "फळीला लाँचर कुठं असतोय?"

लाँचर म्हणजे काय, हे आप्पांच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहिलेल्या कुणालाही सांगता येतं. होमचं बटण दाबल्यावर समोर येणारा पडदा हासुद्धा एक ॲपच. कंपनीनं दिलेला नको असेल तर दुसरा उतरवून घ्यायचा, सेटिंगमधल्या डिफॉल्ट ॲप्समध्ये जाऊन होम ॲप म्हणून तो निवडायचा, की झालं. अँड्रॉइडवर ही मुभा पहिल्यापासून आहे. लाँचर बदलायला एक मिनिट लागतं. पण तो मनासारखा लावायला आप्पांना अख्खा श्रावण पुरत नाही. रांगेत आयकॉन चार की पाच, ते गोल की चौकोनी, घड्याळ मध्ये की किंचित डावीकडं, यावर त्यांचा जो विचार चालतो तो मुलीचं लग्न ठरवतानाही चालला नव्हता. जूनमध्ये शाळा उघडताना पेठेत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हाही एका हातानं दोनशेपानी वह्यांचा गठ्ठा पुढं सरकवत दुसऱ्या हातानं ते आयकॉनचा आकार कमी करत असतात.

त्यांची खरी निष्ठा नोव्हावर. केव्हिन बॅरी नावाच्या माणसानं २०११ मध्ये काढलेला हा लाँचर आप्पांनी सेलमध्ये दहा रुपयांत कायमचा विकत घेतला होता, आणि आयुष्यात साधलेला सगळ्यात चांगला सौदा म्हणून ते अजून त्याचंच नाव घेतात. २०२२ मध्ये ब्रांच या ॲनॅलिटिक्सवाल्या कंपनीनं नोव्हा घेतला तेव्हा आप्पांच्या कपाळावर पहिली आठी पडली. २०२४ मध्ये नोव्हाची बहुतेक माणसं कमी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द बॅरीच बाहेर पडला. सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला करायचं काम तो करत होता, तेही थांबवायला सांगितलं म्हणे. ती बातमी वाचून आप्पांनी दुपारचा चहा घेतला नाही. पेठेत कुणीतरी विचारलं, "आप्पा, कोण गेलं?" आप्पा म्हणाले, "गेला नाही, पण जवळजवळ गेल्यासारखाच."

मग स्थळं बघणं सुरू झालं. नायगारा बघितला. ॲपची उभी यादी, कडेच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला की हवं ते ॲप पुढ्यात. आवडला. पण सगळ्या सोयी हव्यात तर वर्षाचे पैसे भरा म्हटल्यावर आप्पा ताठ झाले. "वर्गणी गणपतीला द्यायची. फोनला कशाला?" एकदाच पैसे भरायचीही सोय तिथं आहे, असं सांगितलं, तर दहा रुपयांच्या माणसाला तो आकडा झेपला नाही. मग किस. एखाद्या फोटोपेक्षाही लहान, फुकट, पडद्यावर जवळपास काही नाहीच, नाव टाइप करा आणि ॲप उघडा. तो आप्पांना इतका साधा वाटला की त्यात लावण्यासारखं काही उरेना, म्हणून काढून टाकला. लॉनचेअर बरेच दिवस टिकला. तो का काढला हे आप्पा सांगत नाहीत. माझा अंदाज असा की तो नीट चालत होता.

एका संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाला टेम्पो रस्त्यात उभा करून आला. मागं हॉर्न वाजताहेत. "आप्पा, ई-वे बिल दावा की पटकन." बिल व्हॉट्सॲपवर आलेलं, आणि व्हॉट्सॲप आप्पांनी मन शांत राहावं म्हणून लपवलेलं. दोन बोटं खाली ओढली, टॉर्च लागला. वर ओढली, कॅमेरा उघडला. पडद्यावर दोनदा टिचकी मारली, फोन बंदच झाला. ही टिचकीची सोय चालावी म्हणून लाँचरला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागली होती, आणि ती दिल्यापासून बँकेचं ॲप उघडायला तयार नव्हतं. तेही त्याच आठवड्यात कळलं होतं. टेम्पोवाला म्हणाला, "आप्पा, माझ्यात बघू?" त्याच्या फोनवर लग्नाचा फोटो, त्यावर सत्तर आयकॉन, बॅटरी सहा टक्के. बिल त्याला मालकानं आधीच पाठवलेलं होतं, ते त्यानं दोन सेकंदांत काढलं. आप्पांनी बिलाकडं बघितलंच नाही. "भावा, असल्या पसाऱ्यात तुला सापडतंय तरी कसं? आण की इकडं, लावून देतो."

हे 'आण की इकडं' घातक आहे. शेजारच्या मावशींनी एकदा विश्वासानं फोन दिला. परत मिळाला तेव्हा हिरवा फोन जाऊन राखाडी षटकोन आलेला. मुंबईच्या लेकाला फोन लावायला त्या दोन दिवस दुकानात येत होत्या. आप्पा प्रत्येक वेळी आनंदानं दाखवत. मूळ पडदा परत आणता येतो, एवढी एकच गोष्ट त्यांनी मावशींना सांगितली नाही.

दिवाळीत पुण्याच्या मुलानं त्यांच्यासाठी आयफोन आणला. आप्पांनी तो उलटसुलट केला, वजन पाहिलं आणि विचारलं, "लाँचर कुठला टाकायचा ह्यात?"

"त्यात बदलता येत नाही, बाबा."

"मग हिला दे," म्हणून त्यांनी फोन वैनींच्या हातात ठेवला. वैनींनी त्याच संध्याकाळी त्यावर तीन भिश्यांचे ग्रुप आणि भाचीच्या बारशाचे फोटो बसवले.

पुढं आप्पांना कुठूनतरी कळलं की २०२४ च्या आयओएस १८ पासून आयफोनवरही आयकॉन हवे तिथं ठेवता येतात, मधे मोकळी जागा सोडता येते, नावं काढता येतात, सगळ्यांना एकच रंग देता येतो. तेव्हापासून रात्री जेवणानंतर वैनींचा फोन ओट्यावरून गायब होऊ लागला. सकाळी भिशीचा ग्रुप कधी तिसऱ्या पानावर सापडे, कधी जांभळा होऊन.

परवा वैनींनी पासकोड बदलला.