चंदीचा हिशेब

मांडवात शिरल्यावर माणसं पंगतीचा अंदाज घेतात, आमचे गुरुजी आहेराची वही शोधतात. आमगाव, तिरोडा, गोरेगाव या बाजूला पोवारांचं लग्न असेल आणि आहेर लिहिणाऱ्याला खेटून, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेले एक निवृत्त मास्तर बसलेले दिसले, तर तेच ते. नाव सांगत नाही. असा एक तुमच्याही नात्यात असणारच.

लिहिणारा ‘आत्या, दोनशे एक’ असं टिपतो, तोच गुरुजी त्याचा हात धरतात. “कोणती आत्या? सख्खी का चुलत? कोणत्या कुळात दिली?” मागे रांग ताटकळते, कुणीतरी पाकीट पुन्हा खिशात घालून थेट वरणभाताकडे वळतो. वधूपित्याला गुरुजी महागात पडतात ते असे.

पोवारांची कुळं छत्तीस. बिसेन, पटले, टेंभरे, कटरे, रहांगडाले, बोपचे, तुरकर... गुरुजी ती पाढ्यासारखी म्हणतात. तुमचं आडनाव कळलं की त्यांच्या वंशावळीच्या तक्त्यासाठी आजोळ विचारतात, मग आजीचं आजोळ. चौथ्या प्रश्नाला तुम्ही त्यांचे भाचे ठरता आणि चहाचे पैसे तुम्हाला द्यावे लागतात.

“गोऱ्या साहेबाच्या कबरीवर नाव, पलटण, तारीख, सगळं कोरलेलं असते,” ते म्हणतात. “आपला माणूस राख होऊन वैनगंगेत जाते. आपली कबर म्हणजे कोतवाल बुक, बापू.” गावच्या जन्ममृत्यूची ही जुनी नोंद. जात पडताळणीला 1967 च्या आधीचा पुरावा लागला की पोरं गुरुजींना गाठतात. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण कागद म्हटला की गुरुजींचे पाय आजही भंडाऱ्याच्या एसटीकडेच वळतात.

एकदा मी सोबत गेलो होतो. पिवळी पडलेली, कडा झडलेली पानं. मृत्यूचं कारण : ताप. खाली ताप. त्याखाली पुन्हा ताप. “आपले पूर्वज दुसऱ्या कशाने मेलेच नाहीत का जी?” मी विचारलं. गुरुजी हसले नाहीत. पान 1918 चं होतं, इन्फ्लुएंझाच्या साथीचं. एकाच घरची तीन नावं एकाखाली एक होती, आणि गुरुजींचं बोट त्या तीन ओळींवर बराच वेळ थांबलं. मग त्यांनी नकलेचा अर्ज मागितला.

फौजेचा विषय मात्र काढू नये. नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत पोवार लढले आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना वैनगंगेकाठची जंगलजमीन मिळाली, असं सांगतात. इंग्रजांच्या वेळच्या ग्रंथांतही ते आहे. पण ज्याच्या-त्याच्या घरचा पूर्वज सरदारच! गुरुजी अशांना एकच प्रश्न घालत : “सगळेच घोड्यावर होते, तर घोड्याला चंदी कोण घालत होतं?” समोरचा सरदारवंशीय तिथल्या तिथे पायउतार व्हायचा.

स्वतःच्या घरी मात्र त्यांच्याकडे सनद होती. लोखंडी पेटीत, लाल फडक्यात, मोडीतली. गुरुजींना मोडी येत नाही. पण दर दसऱ्याला पूजा होई, सुनेला हात लावायची परवानगी नव्हती. शेवटी नातवाने त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून नागपूरच्या एका मोडी जाणणाऱ्याला पाठवला. उत्तर दुपारी आलं : सनद नव्हे, हिशेब आहे. घोड्यांना इतके शेर हरभरा पोचला. पोचवणार, गुरुजींचे पूर्वज.

दोन दिवस गुरुजी घराबाहेर पडले नाहीत. सुनेने आनंद लपवला, पण पुरणपोळ्या केल्या. कारण विचारल्यावर अमावास्या म्हणाली. पंचांगात नव्हती.

तिसऱ्या दिवशी एका लग्नात गुरुजी नेहमीच्या जागी हजर. कुणीतरी मुद्दाम कटकचा विषय काढला. गुरुजींनी चष्मा पुसला.

“सरदार काय, शेकडो होते,” ते म्हणाले. “उपाशी घोडं कटकला पोचलं असतं काय जी?”

वंशावळीच्या तक्त्यावर त्यांनी त्या पूर्वजाच्या नावापुढची ‘सरदार’ ही अक्षरं खोडरबराने पुसली आणि ‘चंदी’ असं लिहिलं. शाईने. तेव्हा तुमच्याकडे लग्न निघालं तर आहेराची वही गुरुजींपासून जरूर जपा, पण मांडव उतरल्यावर रद्दीत घालू नका. त्यांच्याकडे पोचती करा.